दुसऱ्या बाजूचा दुजोरा

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी साडेनऊला आमच्या दैनिकाच्या चाळीस प्रती मालवणच्या दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून परत आल्या. गठ्ठ्याची सुतळी सोडलेली नव्हती. एजंटाने वर चिठ्ठी खोचली होती: ‘गावाने पेपर बंद केला आहे. गावचा माणूस मेला. सगळ्यांनी छापले, तुम्ही छापले नाही.’

छापले नव्हते हे खरे होते. न छापणारे गृहस्थ त्या वेळी आमच्या कुडाळच्या कार्यालयात, खिडकीजवळच्या टेबलापाशी, थर्मासच्या झाकणातून चहा पीत होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, ‘मेला’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात लिहिले: ‘असे कोण म्हणाले?’

कार्यालयात त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणत. त्यांच्याकडे पाचवे पान होते. त्याचे नाव ‘देश-विदेश’. भरती-ओहोटीच्या वेळा आणि काजूबियांचा दर टाकून उरलेल्या जागेत ते जग बसवत. तीस वर्षे त्यांनी हे केले. स्वतः ते फोंडाघाट चढून दोनदाच वर गेले, दोन्ही वेळा कोल्हापूरला, दोन्ही वेळा दातांसाठी.

त्यांचा एकच नियम होता. भांडणात दोन बाजू असतात. एक बाजू बोलली तर तो दावा, दुसरीने मान्य केले तर ती बातमी. नियम नवा नव्हता. तो पाळणारा माणूस नवा होता. युद्ध करणाऱ्या कोणत्याही देशाने पाचवे पान कधी वाचल्याची नोंद नाही, तरीही दोन्ही देशांच्या ओळी ते पट्टी लावून मोजत. एका बाजूला सात ओळी गेल्या आणि दुसरीला सहा, तर ते सातवी ओळ कापत. एकदा कापलेल्या ओळीत युद्धविराम होता.

काही शब्दांना त्यांच्या पानावर बंदी होती. ‘भ्याड हल्ला’ असे कोणी लिहून आणले की ते म्हणत, “शूर हल्ला कसा असतो ते आधी सांगा, मग हे छापू.” ‘खात्मा’ हा शब्द त्यांनी फक्त डासांसाठी राखून ठेवला होता आणि हिवतापाच्या बातमीत एकदा वापरलाही. वार्ताकक्षातल्या टीव्हीचा आवाज त्यांनी कायमचा बंद केला होता आणि पडद्याच्या खालच्या चौथ्या हिश्श्यावर आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा चिकटवला होता. तिथे धावणारी लाल पट्टी दिसू नये म्हणून. “चित्रही खोटं बोलतं,” ते म्हणत, “पण निदान ओरडत नाही.”

कँटीनच्या माणसाने एकदा त्यांच्या गैरहजेरीत आवाज वाढवला. त्या दिवसापासून त्यांनी कँटीनवर निर्बंध घातले. चहा घरून थर्मासमध्ये येऊ लागला. हे निर्बंध अकरा वर्षे चालले. कँटीनवाल्यावर त्यांचा काडीचाही परिणाम झाला नाही. थर्मास मात्र तीन बदलावे लागले.

निधनवार्ता लिहिणारा माणूस रजेवर गेला की ते काम त्यांच्याकडे येई आणि मग तक्रारी येत. ‘देवाज्ञा झाली’ असे लिहून आणणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, आज्ञेची प्रत मागितली होती. पुतणीच्या लग्नपत्रिकेतला ‘शुभविवाह’ त्यांनी ‘विवाह’ केला. शुभ की कसे, ते नंतर कळेल असे त्यांचे म्हणणे पडले. एका पावसाळ्यात भंगसाळ नदीचे पाणी बाजारात शिरले तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिले, आणि तहसील कार्यालयाकडून दुजोरा येईपर्यंत ‘पूर’ लिहायला नकार दिला. दुजोरा आला तेव्हा पाणी त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणापर्यंत होते. ओला झालेला तो खण पुढे कधी नीट उघडला नाही.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कॅलेंडर उलटे टांगलेले असे. पाठ बाहेर, महिने भिंतीकडे. त्यांनी कधीतरी भांडणाऱ्या दोन देशांच्या दिल्लीतल्या वकिलातींना एकाच मजकुराची निषेधपत्रे पाठवली होती. एकीकडून उत्तर म्हणून हे कॅलेंडर आले. दुसरीकडून येईपर्यंत ते सरळ टांगणे म्हणजे एका पक्षाला झुकते माप, म्हणून ते उलटे राहिले. दुसरे कधी आले नाही. पहिले कोणाचे होते ते मला ठाऊक आहे. ते इथे लिहिलेले त्यांना चालले नसते.

ऑफिसात ते शुद्ध बोलत. मालवणी दोनच वेळा निघे: संतापल्यावर, आणि आंतरराष्ट्रीय राजकारण समजावून सांगताना. भूगोल त्यांनी एकाच गावात आणून ठेवला होता. महासत्ता ही वरची वाडी, तिच्याशी अडलेला आखाती देश ही खालची वाडी. आर्थिक निर्बंध म्हणजे काय, असे आमच्या मुद्रितशोधक बाईंनी विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मी लिहून ठेवले आहे.

“वरच्या वाडीन खालच्या वाडीक वाळीत टाकल्यान. आता खालच्या वाडीचो बांगडो कोणी घेऊचो नाय. पण बांगडो सगळ्यांका होयो. मगे काय करतत? टोपली तीच, वरचो फडको बदलतत. वरची वाडीच तो बांगडो घेता, खाता, आणि हात धुवन परत सभेक बसता.”

तेलवाहू जहाजांचे नेमके हेच होते. निर्बंध लागलेले तेल नेणाऱ्या जहाजांची नावे बदलतात, झेंडे बदलतात. रंगाचा एक हात फिरला की जुने जहाज नवे होते. अशाच एका जहाजावर इनास नावाचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, काम करत होता. तो त्या पेपर परत करणाऱ्या गावचा. घरी बायको फिलोमिना, सासू आणि पावसाआधी शाकारायचे राहिलेले घर.

मे महिन्यात वरच्या आणि खालच्या वाडीची आरमारे आखातात समोरासमोर उभी राहिली. गठ्ठा परत येण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, महासत्तेने सांगितले की इनासचे जहाज आपण अडवले आहे. आखाती देशाने सांगितले की ते निसटले आहे. आपल्याकडच्या वाहिन्यांनी ते संध्याकाळी बुडवले. पडद्यावर एक तेलवाहू जहाज मागच्या बाजूने पेटलेले दिसत होते आणि तेच चित्र रात्रभर पेटत राहिले.

त्याआधी तीन दिवस याच वाहिन्या त्या जहाजाला तस्करांचे जहाज म्हणत होत्या आणि खलाशांना दहशतीचे हमाल. बुधवारी सकाळी खलाशांची यादी कुठूनतरी फुटली, तिच्यात इनासचे गाव सापडले आणि दुपारपर्यंत तो ‘सिंधुदुर्गचा सुपुत्र’ झाला. चारच्या बातम्यांत शहीद. परराष्ट्रमंत्र्यांनी पुठ्ठ्याच्या वरून हे पाहिले आणि म्हणाले, “माणूस तोच. फडको बदललो.”

गावात बुधवारी चर्चची घंटा झाली. त्या गावची एक जुनी रीत आहे. दर्यात गावचा माणूस गेला की, तो हिंदू असो की ख्रिस्ती, देह मिळेपर्यंत किंवा त्याच्या नावाने प्रार्थना होईपर्यंत एकही होडी पाण्यात उतरत नाही. आखातात बुडालेल्याचा देह मिळायचा नव्हता. राहिली प्रार्थना. ती घरच्यांनी सांगितल्याशिवाय होत नाही, असे पाद्रींनी स्पष्ट केले. आणि फिलोमिना सांगेना. शेजारणींनी आणून दिलेले काळे कपडे तिने घडी न मोडता पेटीवर ठेवले. पावसाळी मासेमारीबंदीला दोन आठवडे राहिले होते आणि होड्या वाळूत उभ्या होत्या.

गुरुवारी, पेपरचा गठ्ठा परत आल्यावर दोन तासांनी, ती कार्यालयात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. कोणाला भेटायचे विचारले तर तिला नाव माहीत नव्हते. ती दारातूनच सर्वांना उद्देशून बोलली.

“सगळ्यांनी मारल्यानी. तुमच्या पेपरान मारूक नाय. म्हणान इलंय.”

परराष्ट्रमंत्र्यांनी तिला बसायला सांगितले नाही. धीर दिला नाही. “बोटीचा नंबर?” एवढेच विचारले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून मालवणीत आले. “नावार जाव नको. होडयेचा नाव घोव बायलेक खूश करूक बदलता. नंबर बदलना नाय.”

पिशवीत इनास जहाजावर रुजू झाला तेव्हाचे पत्र होते. त्यावर जहाजाचे जुने नाव आणि सात आकडे. फोनमध्ये त्याने पाठवलेला एक फोटो होता: इनास हातात रंगाचा रोलर घेऊन, जहाजाच्या मागच्या भिंतीवरचे नाव पुसताना हसतो आहे, आणि त्याच्या कोपराखाली पोलादात उमटवलेले तेच सात आकडे आहेत.

ते उठले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा टीव्हीवरचा पुठ्ठा त्यांनी काढला. पेटलेल्या जहाजाचा आकडा असायला हवा होता तिथे लाल पट्टी होती. पट्टीवर लिहिले होते, ‘सर्वात आधी आमच्याकडे’.

मग त्यांनी आणि मी वृत्तसंस्थेच्या संग्रहात शोधले. साडेतीनला चित्र सापडले, पट्टीशिवाय. चार वर्षांपूर्वीची आग, दुसराच समुद्र. भिंगाखाली आकडे स्वच्छ दिसत होते. पहिले दोन जुळत होते, नंतरचे पाच नव्हते. त्यांनी प्रत्येक आकड्यावर पेन्सिल टेकवून ते फिलोमिनाला दाखवले.

“म्हणजे जिवंत आसा?” तिने विचारले.

“ते मला माहीत नाही. या जहाजावर तो मेला नाही, एवढंच माहीत आहे.”

त्यांनी थर्मासचे झाकण पुसले, चहा ओतला आणि तिच्यासमोर सरकवला. त्या झाकणातून दुसऱ्या कोणी चहा प्यायल्याचे मी पाहिलेले नव्हते.

शुक्रवारी पाचव्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळांखाली, चार ओळी आल्या. वाहिन्यांवर दाखवले जाणारे जळते जहाज ते नव्हे. खलाशांच्या स्थितीबाबत दोन्ही बाजूंकडून दुजोरा नाही. आमचे मालक म्हणाले होते की ही पहिल्या पानाची बातमी आहे, आठ कॉलम, ‘आमच्या दैनिकाचा गौप्यस्फोट’. परराष्ट्रमंत्री म्हणाले, ‘माहीत नाही’ ही बातमी आठ कॉलमांत मावत नाही. मालकांना हा होकार वाटला, सकाळचा अंक पाहीपर्यंत.

त्या चार ओळी गावाने वाचल्या नाहीत. पेपर वाळीत टाकलेला होता. फिलोमिनाने एक प्रत कुडाळच्या स्टँडवर घेतली, एसटीने गावी नेली आणि चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून मोठ्याने वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांनी तिला एवढेच सांगितले की टीव्हीवर अजून जळते आहे. शनिवारपासून वाणी तिला सामान देताना बोलेनासा झाला. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही. सासूने मात्र, तिला आधार म्हणून की मुलाची वाट म्हणून ते कळले नाही, जेवायला एक पान जास्त मांडायला सुरुवात केली.

सोमवारी दुपारी गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन कार्यालयात आले. शांत, नेमस्त गृहस्थ. आमचे जुने जाहिरातदार. ते आधी मालकांकडे बसले आणि मग खिडकीजवळच्या टेबलाकडे आले.

“होडये पाच दिस वाळूर आसत,” ते म्हणाले. “बंदी तोंडार इली. ती बाय तुमच्या चार ओळी छातीक धरून बसलीहा. तुम्ही लिवलात काय ती काळा घालीत, प्रार्थना होयत, गाव सुटात.”

“म्हणजे होड्या सुटाव्यात म्हणून मी एक माणूस मारायचा.”

“तुम्ही कित्या मारतलास? टीव्हीर तो मेलोच आसा. तुमका फक्त लिवचा आसा.”

परराष्ट्रमंत्र्यांनी हे वाक्य कागदावर उतरवून घेतले, खाली चेअरमनचे नाव लिहिले आणि छापायला हरकत नाही ना, असे विचारले. चेअरमन उठून गेले.

त्यानंतर मालकांनी मला बोलावले. इनास गेल्याची बातमी मी लिहिली. दहा ओळींची होती, आणि वाईट नव्हती. ‘समजते’, ‘मानले जाते’ आणि ‘शोककळा’ हे तिन्ही शब्द तिच्यात योग्य जागी होते. पाचव्या पानासाठी म्हणून मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकदा वाचली, पेन्सिल घेतली आणि समासात तीन शब्द लिहून परत दिली. कोणते ते वर सांगितले आहे.

मालक म्हणाले, मग पहिल्या पानावर जाईल. परराष्ट्रमंत्री म्हणाले, जरूर जावी, पण माझ्या पानावर दोन्ही जहाजांचे आकडे शेजारी शेजारी छापेन. एकाच अंकात पहिल्या पानावर मेलेला आणि पाचव्या पानावर न मेलेला माणूस मालकांना परवडणारा नव्हता. मंगळवारच्या अंकात काहीच गेले नाही. बुधवारी मालकांनी नोटीस लावली: एक तारखेपासून ‘देश-विदेश’ बंद, त्या जागी राशिभविष्य. परराष्ट्रमंत्र्यांनी ती वाचली. ‘भविष्य’ या शब्दाखाली रेघ मारली, पण समासात काही लिहिले नाही.

त्याच बुधवारी, जहाज टीव्हीवर बुडाल्याला आठ दिवस झाले असताना, दुपारी बाराच्या सुमाराला फिलोमिना आली. या वेळी धावत. फोन हातात पुढे धरलेला. इनासचा होता, ती कुडाळच्या बाजारात असतानाच आलेला. जहाज अडवले होते, हे महासत्तेचे म्हणणे बरोबर निघाले. खलाशांचे फोन काढून घेतले होते, ते कोणीच सांगितले नव्हते. आता जहाज एका बंदराबाहेर नांगरलेले होते. कोणत्या, ते सांगायला त्याला मनाई होती.

वार्ताकक्षातले सगळे उभे राहिले. मुद्रितशोधक बाई रडू लागल्या. परराष्ट्रमंत्र्यांनी फोन टेबलावर ठेवायला सांगितला, आवाज मोठा करायला लावला आणि कोरा कागद ओढला. आधी पूर्ण नाव विचारले. मग जहाजाचे सात आकडे, एकेक. मग विचारले:

“आपण सुखरूप असल्याचा आपला दावा आहे?”

इनासने बायकोलाच विचारले.

“फिलू, ह्यो कोण गो?”

“पेपरवालो. बोल त्येच्याशी.”

“दावो कसलो, मेल्या? जिवंत आसंय.” आणि मग, त्यांच्याशी बोलणे संपले असे धरून, “घर शाकारलंस काय गो? पाऊस खंयपर्यंत इलो?”

त्यांनी लिहून घेतले. मान वर न करता त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: याला दुजोरा कोण देईल? मी तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला. तीस वर्षांचा नियम होता आणि एका माणसाचा मृत्यू ज्या नियमाने थांबवला, तो त्याच्या जगण्यासाठी मोडायला ते तयार नव्हते.

फिलोमिनाने त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांच्या समोरची खुर्ची ओढून ती बसली आणि सावकाश, मजकूर लिहून घ्यायला सांगावा तशी बोलली.

“ह्यो बडबडता तो माझो घोव. सोळा वर्सां ऐकतंय. लिवा. दुजोरो.”

त्यांनी तिचेही पूर्ण नाव विचारून लिहिले.

संध्याकाळी, मंगळवारी जहाज बुडवणाऱ्या वाहिन्यांपैकी एक गावात पोचली. ‘मृत्यूला हरवून’ असा मथळा त्यांनी आधीच केला होता. काळे कपडे हातात धरून उभी राहशील का, असे त्यांनी फिलोमिनाला विचारले. कपडे ज्यांचे होते त्यांना परत केले आहेत, असे तिने सांगितले.

गुरुवारी पाचव्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळांखाली, पुढील मजकूर प्रसिद्ध झाला:

‘आखातात अडवलेल्या तेलवाहू जहाजावरील बोसन इनास फर्नांडिस यांनी आपण जिवंत असल्याचे दूरध्वनीवरून सांगितले. हा दावा नसल्याचेही त्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या पत्नी फिलोमिना यांनी त्यास दुजोरा दिला आहे.’

त्या दिवशी पहाटे गावच्या सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या. गावात आमच्या चाळीस प्रती गेल्या. साडेनऊला एकोणचाळीस परत आल्या.